मॅट्रिकचे इंग्रजी आणि तर्खडची माणसे

यंदा ज्येष्ठात, पाऊस नुकताच लागला होता तेव्हा, आमच्या माहीमच्या घराच्या ओटीवर एक मुलगी वही छातीशी धरून येऊन बसली. शेजारच्याच आळीतली. वडिलांची पानवेलीची लहानशी वाडी. घरात शिकलेली अशी हीच पहिली. तिला परदेशी कामाला जावयाचे आहे, आणि त्यासाठी इंग्रजीची एक परीक्षा द्यावयाची आहे. ही परीक्षा अगदी आरंभाची नव्हे आणि पंडितांचीही नव्हे, मधल्या पायरीची. युरोपात २००१ साली भाषाज्ञान मोजण्याची सहा पायऱ्यांची जी शिडी प्रसिद्ध झाली, तिची ही तिसरी पायरी. या पायरीवरच्या माणसाने परक्या मुलखात वाट विचारावी, डॉक्टरला दुखणे सांगावे, साधे पत्र लिहावे, चार माणसांत आपले मत मांडावे, एवढीच अपेक्षा.

"सर, मला इंग्रजी येत नाही," ती म्हणाली.

मी तिची गुणपत्रिका पाहिली. इंग्रजीत उत्तम गुण होते. पहिलीपासून दहावीपर्यंत दहा वर्षे ती इंग्रजी शिकली होती. तरीही ती म्हणत होती ते खोटे नव्हते. मी तिला इंग्रजीत नाव, गाव विचारले, तेव्हा तिने आधी माझ्याकडे, मग पावसाकडे पाहिले, आणि तिचे ओठ नुसतेच हलले. मी ओळखले, की ही मनात भाषांतर करते आहे. हे मला चटकन ओळखता आले, कारण माझे आजोबा असेच करीत, आणि उमेदवारीच्या दिवसांत मीही तेच केले आहे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच. आता त्याला दहावी म्हणतात इतकेच.

मी उठलो आणि आतल्या फडताळातून आजोबांचे पुस्तक काढून आणले. पुठ्ठा गेलेला, पाने तपकिरी, कडांना कसर लागलेली. आमच्या घरात त्याला कधी कोणी पुस्तकाच्या नावाने ओळखले नाही. 'तर्खडकर' म्हणत. "पहिला तर्खडकर झाला का?" "दुसरा तर्खडकर कुठे ठेवलास?" अशी भाषा. वाचकांपैकी ज्यांचे वडील वा आजोबा मॅट्रिकला बसले होते, त्यांना ती वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

मुलीने पुस्तक चाळले आणि विचारले, "सर, हे तर्खडकर कोण?"

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नाही. ते देता देता मला असे दिसून आले, की आमच्या या किनाऱ्यावरच्या एका गावाचे नाव इंग्रजी शिकण्याच्या दोन निरनिराळ्या पद्धतींशी जोडले गेलेले आहे, आणि माझ्यापुढे बसलेल्या मुलीची अडचण नेमकी त्या दोहोंच्या मधली आहे. म्हणून हा लेख.

तर्खड हे गाव वसईजवळ. आमच्या माहीमहून पालघरला जावे, मुंबईकडची गाडी धरावी आणि वसई रोडला उतरावे. तेथून ते दूर नाही. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये माहीम आणि वसई हे दोन शेजारचे तालुके म्हणून वर्णिलेले आहेत. पुढे आमच्या तालुक्याची कचेरी आणि तिच्याबरोबर नावही आगगाडीच्या मार्गावरील पालघरला गेले. आणि १ ऑगस्ट २०१४ पासून हा सारा मुलूख पालघर जिल्ह्यात मोडतो. तेव्हा तर्खडकरांना आम्ही आमचे जिल्हेवाले म्हटले, तर त्यात फारशी आगळीक होऊ नये.

या गावाचे नाव ज्यांनी प्रथम गाजविले ते दादोबा पांडुरंग. जन्म १८१४ चा, मुंबईतला. पण घराणे मूळ तर्खडचे. पेशवाई बुडाली तेव्हा दादोबा चार वर्षांचे होते. म्हणजे इंग्रजी राज्यात अक्षरओळख झालेल्या पहिल्या पिढीतले ते. त्या पिढीपुढे इंग्रजीचा डोंगर उभा होता आणि चढायला पायवाट नव्हती. शिकवणारे थोडे, मराठीतून इंग्रजी समजावणारी पुस्तके त्याहून थोडी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, आणि इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द देणारा मोल्सवर्थ-कँडींचा कोश निघावयास १८४७ उजाडले. मधल्या काळात इंग्रजी शिकणाऱ्याने करावे काय? बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झाले, त्यात एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी असा मजकूर असे. ते वृत्तपत्र तर होतेच. पण माझ्यासारख्या मास्तराला त्या दोन रकान्यांत आपल्या लोकांसाठी मांडलेला भाषांतराचा पहिला मोठा पाठही दिसतो.

दादोबांनी इंग्रजी शिकून काय केले, हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजी व्याकरणाची पद्धत डोळ्यांखालून गेल्यावर त्यांना वाटले, की आपल्या भाषेलाही अशी शिस्तवार मांडणी हवी. आणि १८३६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी मराठी भाषेचे व्याकरण छापून प्रसिद्ध केले. पुढे कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या, आणि लोक दादोबांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. म्हणजे हा गृहस्थ इंग्रजीच्या दारातून आत गेला आणि परत येताना मराठीसाठी काही घेऊन आला. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. शेवटी मला त्याच्याकडे वळावयाचे आहे.

दादोबांच्या तरुणपणीच मुंबई इलाख्यात एक मोठा वाद पेटला. १८३५ साली मेकॉलेने इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार केला होताच. मुंबईच्या शिक्षणमंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे त्याच मताचे. वरचे शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असा त्यांचा आग्रह. उलट नाना शंकरशेट यांचे म्हणणे असे, की लोकांपर्यंत विद्या पोचावयाची तर ती लोकांच्या भाषेतूनच गेली पाहिजे. नाना स्वतः इंग्रजीचे शत्रू नव्हते. इंग्रजी शाळा उभारणाऱ्यांत तेच पुढे होते. पण भाषा शिकणे वेगळे आणि भाषेतून शिकणे वेगळे, हा भेद त्यांना दिसत होता. १८५४ च्या वुडच्या खलित्याने दोन्ही पक्षांना थोडेथोडे दिले. प्रत्यक्षात मात्र १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि वादाचा निकाल परीक्षेने लावला.

ती परीक्षा म्हणजे मॅट्रिक्युलेशन. १८५९ साली ती प्रथम झाली. शंभरावर उमेदवार बसले आणि वीस-बावीस उतरले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले चार बी. ए. बाहेर पडले: रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे. ही चार नावे पुढे इतकी मोठी झाली, की त्यांच्या मागे उंबरठ्याशीच अडखळलेल्यांची आठवण कोणाला राहिली नाही. पण इतिहास त्यांचाही आहे, आणि संख्येने पाहिले तर त्यांचाच अधिक आहे.

मॅट्रिक ही विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा. पण थोड्याच वर्षांत ती कारकुनीची, मास्तरकीची आणि लग्नाचीही परीक्षा होऊन बसली. मुलगा मॅट्रिक झाला की नाही, यावर हुंड्याचा आकडा ठरे. 'मॅट्रिक फेल' ही जणू एक पदवीच झाली होती, आणि 'नॉन-मॅट्रिक' ही तिच्या खालची. पुष्कळांचे घोडे अडे ते इंग्रजीत. आणि ते नुसत्या इंग्रजीच्या पेपरातच नव्हे. वरच्या इयत्तांत गणित, इतिहास, भूगोल हे सारे इंग्रजीतूनच शिकवीत. याच विद्यापीठाची मॅट्रिक १८८७ साली अहमदाबादेत उत्तीर्ण झालेल्या एका विद्यार्थ्याने आपल्या आत्मकथेत लिहून ठेवले आहे, की चौथ्या इयत्तेपासून भूमिती इंग्रजीतून सुरू झाली आणि आपल्याला काही उमजेना. युक्लिडच्या तेराव्या सिद्धान्तापाशी पोचल्यावर एकदाचा उजेड पडला. त्या विद्यार्थ्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. तेराव्या सिद्धान्तापर्यंत दम न धरणारे किती असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

अशा या अडलेल्यांसाठी दुसरे तर्खडकर आले. त्यांचे नाव द्वारकानाथ राघोबा तर्खडकर. त्यांची भाषांतर पाठमाला तीन भागांची. आडनावाच्या सारखेपणामुळे पुष्कळ लोक दादोबांना आणि यांना एकच समजतात. ती चूक सुधारून घ्यावी. दादोबांनी मराठीचे व्याकरण लिहिले. द्वारकानाथांनी इंग्रजीची पाठमाला रचली.

या पाठमालेची रीत साधी होती, आणि साधी होती म्हणूनच खेड्यापाड्यात पोचली. नियम मराठीत सांगावयाचा. शब्द द्यावयाचे. मग मराठी वाक्ये इंग्रजीत करण्यास आणि इंग्रजी वाक्ये मराठीत करण्यास सांगावयाचे. पाठामागून पाठ, काळामागून काळ, सोप्याकडून अवघडाकडे. इंग्रज मास्तर नको, मोठी शाळा नको, शिकवणीचे पैसे नकोत. कंदील, दौत आणि चिकाटी असली की पुरे. मुंबईपासून दूरच्या गावातल्या मुलालाही या पुस्तकाने सांगितले, की इंग्रजी ही काही जादू नव्हे. तुझ्या मायबोलीच्या जिन्याने तिच्यापर्यंत चढता येते. मॅट्रिकच्या परीक्षेतही देशी भाषेतून इंग्रजीत भाषांतराचा प्रश्न असेच. त्यामुळे परीक्षा आणि पुस्तक ही दोघे एकमेकांच्या मापाची झाली.

आमचे आजोबा १९४४ साली मॅट्रिकला बसले आणि इंग्रजीत गेले. वर्षभर त्यांनी वाडीत पाणी लावले आणि रात्री तर्खडकरांचे तिन्ही भाग दोनदा लिहून काढले. दुसऱ्या खेपेस उतरले. गावात पेढे वाटले. पुढची गोष्ट ते स्वतःच सांगत. मुंबईस एका कचेरीत नोकरीसाठी गेले. साहेबाने मान वर करून एक प्रश्न विचारला. आजोबांनी तो मनात मराठीत केला, त्याचे उत्तर मराठीत जुळविले, कर्ता, कर्म, क्रियापद लावून त्याचे इंग्रजी केले, काळ तपासला आणि तोंड उघडले. तोवर साहेब पुढच्या उमेदवाराशी बोलत होता. "वाक्य अगदी बिनचूक होतं रे," आजोबा म्हणत, "फक्त ऐकायला कोणी नव्हतं." ते हसत, पण ही गोष्ट त्यांनी मरेपर्यंत सांगितली. ज्या गोष्टीचे दुःख निवले असते ती माणूस इतक्या वेळा सांगत नाही. मला स्वतःला बोईसरच्या बाजूला एका कारखान्यात मुलाखतीत असाच घाम फुटला, तेव्हा ते दुःख मला कळले.

आता दुसरी गोष्ट ऐका. तीही तर्खडच्याच घराण्यातली.

दादोबांचे धाकटे बंधू डॉक्टर आत्माराम पांडुरंग. १८६७ साली मुंबईत प्रार्थनासमाज स्थापन झाला तो त्यांच्या पुढाकाराने. त्यांची कन्या अन्नपूर्णा. घरी आणि मित्रमंडळीत 'अ‍ॅना'. त्या काळात ती विलायतेस जाऊन आली होती. १८७८ साली या घरी एक सतरा वर्षांचा बंगाली मुलगा राहावयास आला. त्याचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ ठाकूर हे मुलकी सेवेतले अधिकारी. त्यांनीच त्याला येथे पाठविले होते. मुलगा विलायतेस निघाला होता. इंग्रजी पुस्तके त्याने वाचली होती, पण इंग्रजीत बोलण्याची व इंग्रजी रीतिरिवाजांची सवय नव्हती. ती सवय व्हावी म्हणून त्याला या घरी ठेवले, आणि शिकविण्याचे काम अन्नपूर्णाबाईंकडे आले. त्या मुलाचे नाव रवींद्रनाथ.

रवींद्रनाथांना शाळा कधी मानवली नव्हती, हे प्रसिद्धच आहे. या घरात शाळा नव्हतीच. होते ते बोलणे. शिकविणारी त्याच्याहून थोडी मोठी, पुष्कळ अधिक पाहिलेली. त्याने कविता ऐकवाव्यात, तिने ऐकाव्यात. त्याने तिला 'नलिनी' असे नाव दिले आणि ते काव्यातही आणले. दीड-दोन महिन्यांत तो सप्टेंबरात विलायतेस गेला. पुढे अन्नपूर्णाबाईंचा विवाह हॅरॉल्ड लिटलडेल या प्राध्यापकाशी झाला, आणि १८९१ साली परदेशातच त्यांचा अंत झाला. रवींद्रनाथांनी म्हातारपणीही त्यांची आठवण मायेने काढली.

या गोष्टीतील हळवा भाग पुष्कळांनी रंगविला आहे. मी मास्तर आहे. मला तिच्यातले शिक्षण दिसते. ज्याला पुढे 'गीतांजली'च्या इंग्रजी रूपासाठी १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळावयाचे होते, त्याचे तोंड इंग्रजीत उघडले ते कुणीतरी ऐकणारे समोर होते म्हणून. आजोबांच्या वाट्याला हेच आले नाही.

नुसत्या बोलण्यातून भाषा शिकवावी हा विचार पुढे शाळाखात्यातही आला. त्याला 'डायरेक्ट मेथड' म्हणत. मायबोली मध्ये न आणता थेट इंग्रजीतून इंग्रजी. मुंबई इलाख्यात तेव्हा कराचीही मोडत असे. तेथील शाळेवर पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन नावाचे एक हेडमास्तर होते. त्यांनी हिंदी शाळांतून या पद्धतीने कसे शिकवावे यावर पुस्तकच लिहिले. हेच गृहस्थ पुढे १९२४ साली 'ब्यू जेस्ट' ही कादंबरी लिहून जगभर गाजले; आणि ज्या 'रेन आणि मार्टिन'च्या व्याकरणाने आपल्याकडच्या मुलांना घाम फोडला, त्यातले रेन तेच. मास्तरकी करता करता कादंबऱ्या लिहिणारा माणूस म्हणून मला त्यांच्याविषयी थोडा जिव्हाळा वाटतो. पण डायरेक्ट मेथडला हवा असतो तो अस्खलित बोलणारा मास्तर आणि थोडी मुले. आमच्याकडे मास्तर तर्खडकरांवर वाढलेला आणि वर्गात मुले पन्नास. तेव्हा पद्धत कागदावर राहिली आणि पाठमाला फडताळात.

या सुमारास इंग्रजांच्या आपल्या घरी काय चालले होते, हेही पाहावे. परदेशी माणसांच्या इंग्रजीची परीक्षा केंब्रिज विद्यापीठाने १९१३ साली सुरू केली. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले. परीक्षा बारा तासांची. तिघेही नापास. आणि त्या परीक्षेत काय होते? निबंध, व्याकरण, उच्चारशास्त्र, आणि चक्क भाषांतर! म्हणजे आमच्या मॅट्रिकची आणि केंब्रिजची समजूत त्या वेळी एकच होती, की एका भाषेतले दुसरीत नेता आले म्हणजे भाषा आली. १९३९ साली त्यांनी खालच्या पायरीची परीक्षा काढली. १९७५ च्या सुधारणांत वरच्या परीक्षेचे सक्तीचे भाषांतर गेले. १९८० मध्ये आणखी खालची, मधल्या पायरीची परीक्षा आली. तीच आज माझ्या विद्यार्थिनीपुढे उभी आहे. तीत एका ओळीचेही भाषांतर नाही. वाचन, शंभरेक शब्दांची दोन लिखाणे, दोनदा ऐकविलेले संभाषण ऐकून उत्तरे देणे. आणि शेवटी दोन परीक्षकांसमोर दुसऱ्या एका उमेदवाराबरोबर बसून दहाबारा मिनिटे बोलणे. एक चित्र देतात आणि म्हणतात, मिनिटभर याविषयी बोला. मग दोघांनी मिळून एखादी गोष्ट ठरवावयाची. साहेब आता पुढच्या उमेदवाराकडे वळत नाही. तो दोघांना एकमेकांशी बोलू देतो आणि ऐकत बसतो.

आमच्याकडे मात्र इंग्रजीचे माप दर पिढीला बदलत राहिले. स्वातंत्र्यानंतर खेर मंत्रिमंडळाच्या काळात इंग्रजी आठवीपर्यंत मागे सरले. मॅट्रिक जाऊन शालान्त परीक्षा आली, आणि विद्यापीठाच्या हातून ती मंडळाकडे गेली. पुढे इंग्रजी पुन्हा पाचवीत आले, आणि २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासूनच सुरू झाले. दर बदलाच्या वेळी वाद झाले ते 'कितवीपासून' याचे. 'कसे' याचा वाद त्या मानाने थोडा. माझ्या ओटीवरची मुलगी पहिलीपासून शिकली. तिच्या दहा वर्षांत तिला तर्खडकरांची वही मिळाली नाही आणि अन्नपूर्णेची ओसरीही मिळाली नाही. मिळाली ती छापील उत्तरे.

म्हणून मी ठरविले, की तिला दोन्ही द्यावयाचे.

पहिला तास मराठीचा. इंग्रजीतल्या 'ए' आणि 'द' या दोन लहान शब्दांनी तिला पार हैराण केले होते. नियम तोंडपाठ, पण वाक्यात चुकलेच. मी तिला दोन मराठी वाक्ये दिली. 'अंगणात मांजर आलं.' 'मांजर अंगणात आलं.' "फरक काय?" ती विचारात पडली, मग म्हणाली, "पहिल्यात कुठलं तरी मांजर आलं, सर. दुसऱ्यात आपलं ठाऊक असलेलं." तेच. पहिले 'ए कॅट', दुसरे 'द कॅट'. आपण जे शब्दांच्या जागेने सांगतो ते इंग्रज वेगळा शब्द लावून सांगतो. तिचा चेहरा असा उजळला, की मला युक्लिडच्या तेराव्या सिद्धान्ताची आठवण झाली.

तसेच 'मी दहा वर्षं इथे राहते' हे वाक्य. आपल्याला साधा वर्तमानकाळ पुरतो, कारण अजून राहतेच आहे. इंग्रजाला मात्र मागे कधी सुरू झाले आणि अजून चालू आहे, हे क्रियापदातच दाखवावे लागते: 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स'. 'मला भूक लागली' यात भूक येऊन आपल्याला लागते. इंग्रजीत माणूस स्वतःच भुकेला असतो. 'पाणी देता का?' यातल्या 'ता का'मध्ये आपली सगळी अदब आहे. ती तशीच उचलून नेली तर इंग्रजीत हुकूम वाटतो, म्हणून 'कुड आय हॅव' असे वळण घ्यावे लागते. मुलीला इंग्रजी येत नव्हते असे नाही. तिला आपली मराठी कशी चालते, याकडे कोणी कधी पाहावयास सांगितले नव्हते.

दुसरा तास इंग्रजीचा, आणि तो सक्त. दिवेलागणीपासून तासभर ओटीवर मराठी बंद. तिच्या जोडीला मी वडराईचा एक मुलगा बसविला. त्याला बोटीवरच्या नोकरीसाठी इंग्रजी हवे आहे. दोघांपुढे रोज एक छायाचित्र ठेवावयाचे: कधी सातपाटीच्या बंदरात नांगरलेल्या होड्या, कधी पालघर स्टेशनावरची सकाळची गर्दी. मिनिटभर बोला. काय दिसते, कोण काय करतो आहे, हवा कशी आहे. शब्द अडला तर थांबावयाचे नाही. दुसऱ्या शब्दांनी वळसा घालावयाचा. मुलाला 'वल्हे' या शब्दाचे इंग्रजी आठवेना, तेव्हा तो म्हणाला, की होडी पुढे ढकलायची लांब लाकडी वस्तू. मी म्हटले, शाबास! तर्खडकरांच्या पाठात याला शून्य गुण पडले असते. येथे परीक्षक खूश होईल. आणि माझ्यावर मी एक बंधन घालून घेतले. बोलणे चालू असताना चूक दुरुस्त करावयाची नाही. टिपून ठेवावयाची आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मराठीतून समजवावयाची. मास्तराला गप्प बसणे किती कठीण जाते, हे मास्तरांनाच ठाऊक.

श्रावण उलटेपर्यंत दोघे एकमेकांशी भांडू लागली, इंग्रजीतून. मुलगा म्हणे सहलीला किल्ला पाहावा, ती म्हणे समुद्र रोजचाच, डोंगरावर जावे. तिने एकदा 'आय डोन्ट ॲग्री विथ यू' असे ठणकावून सांगितले आणि स्वतःच चपापली. मी आजोबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले.

गणपतीच्या दिवसांत तिची आई नैवेद्याचे ताट घेऊन आली. ताट ठेवून उंबऱ्यातच घुटमळली. मग म्हणाली, "मास्तर, एक विचारू? तुम्ही शिकवता ते बरंच आहे. पण ही तिकडे गेली, पुरती इंग्रजी झाली, म्हणजे आमच्याशी कोणत्या भाषेत बोलेल?"

हा प्रश्न बाईचा एकटीचा नव्हे. नाना शंकरशेटांपासून आजवर तो या ना त्या रूपाने विचारला गेला आहे, आणि त्याला हसण्यावारी नेणे मला योग्य वाटत नाही. भाषा घरातून जातात त्या अशाच, एका एका मुलीबरोबर, चांगल्या पगाराच्या पत्राबरोबर. मी त्यांना खात्री देऊ शकलो नाही. मी त्यांना दादोबांची गोष्ट सांगितली: वसईकडच्या एका घराण्यातला मुलगा इंग्रजी शिकला आणि त्याने मराठीचे व्याकरण लिहिले. बाईंनी ऐकून घेतले. त्यांचे समाधान झाले की नाही, कोण जाणे. जाताना म्हणाल्या, "तो शिकला तेव्हा घरातच होता ना?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पण मला वाटते, तो पहिला तास मी काही नुसता परीक्षेसाठी ठेवलेला नाही. मांजर अंगणात आले आणि अंगणात मांजर आले यातला भेद ज्याला एकदा दिसला, त्याला आपली भाषा कोठेही गेला तरी अगदी परकी होत नसावी. इंग्रजीसाठी मराठी टाकावी लागते असे सांगणारे एक आहेत, आणि मराठीसाठी इंग्रजी टाकावी असे सांगणारे दुसरे. तर्खडच्या माणसांनी यातले काहीच केले नाही.

परीक्षा दिवाळीनंतर आहे. आकाशकंदील लावण्याच्या धांदलीतही दोघे रोज येतात. आजोबांचे पुस्तक तिने घरी नेले होते, ते काल परत आणून दिले. दुसऱ्या भागाच्या एका पानावर समासात आजोबांनी जांभळ्या शाईने एक वाक्य चुकीचे लिहून खोडले होते. त्याच्याखाली तिने पेन्सिलीने, हलक्या हाताने, ते बरोबर लिहिले आहे.